संगणकाचे सुटे भाग हाताळताना स्थिर विद्युतपासून घ्यावयाची काळजी



संगणक आता केवळ शहरातील कचेऱ्यांपुरता राहिलेला नाही. १९९८ मध्ये कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांत वारणा वायर्ड व्हिलेज प्रकल्प सुरू झाला, तेव्हा गावात संगणक येणे ही नवलाई होती. पुढे दूध संकलन केंद्रावर फॅट व लिटरची नोंद संगणकावर होऊ लागली. २०२२ मध्ये केंद्र शासनाने देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणास मंजुरी दिली आणि गावोगावच्या विकास सोसायट्यांचे हिशेबही संगणकावर येऊ लागले. अनेक बागायतदारांकडे घरचा संगणक आहे, तर ठिबक संचाला पाणी व खत वेळेवर देणाऱ्या स्वयंचलित नियंत्रकात संगणकासारखेच कार्ड असते.

ही यंत्रे बंद पडली की तालुक्याहून कारागीर येईपर्यंत थांबणे परवडत नाही. त्यामुळे गावातील एखादा होतकरू तरुण किंवा संस्थेचा सचिव स्वतःच पेटी उघडतो, रॅम काढून पुसतो, नवे कार्ड बसवतो. ही स्वावलंबनाची वृत्ती चांगलीच आहे. परंतु पुष्कळदा असे घडते की, दुकानातून आणलेले कोरे कार्ड बसवताच चालत नाही, किंवा दोन महिने चालून अकारण बंद पडते. अशा वेळी दोष कंपनीला, दुकानदाराला किंवा गावातील विजेला दिला जातो. यांपैकी काही वेळा खरा दोष आपल्याच हातातून गेलेल्या, आपल्याला न जाणवलेल्या विजेचा असतो. ही वीज कशी निर्माण होते व तिच्यापासून सुटे भाग कसे वाचवावेत, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

स्थिर विद्युत म्हणजे काय?

दोन वेगळ्या वस्तू एकमेकींना घासल्या किंवा चिकटवून दूर केल्या की एकीवरील विद्युतभार दुसरीवर जातो. हा भार वाहून जायला वाट मिळाली नाही तर तो तेथेच साचून राहतो. म्हणून तिला स्थिर विद्युत म्हणतात. आपणा सर्वांना तिचा अनुभव आहे. थंडीत नायलॉनचा किंवा लोकरीचा सदरा डोक्यावरून काढताना तडतड आवाज येतो. प्लॅस्टिकच्या फणीने केस विंचरले की फणी कागदाचे कपटे ओढून घेते. आच्छादनाचा किंवा शेततळ्याचा प्लॅस्टिक कागद कोरड्या दिवशी उलगडताना हातावरचे केस उभे राहतात. प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठून लोखंडी दाराला हात लावला की चटका बसतो. ढगात साचलेला असाच भार प्रचंड प्रमाणात जमिनीकडे झेपावतो, तेव्हा आपण त्याला वीज पडणे म्हणतो.

माणसाचे शरीरही असा भार साठवते. पायात रबरी चप्पल असेल तर तो जमिनीत जाऊ शकत नाही. आपण चालतो, खुर्चीवर सरकतो, बाही टेबलावर घासतो, तेव्हा प्रत्येक वेळी थोडा थोडा भार वाढत जातो.

चटका जाणवत नाही, तरीही नुकसान कसे होते?

या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. माणसाला स्थिर विद्युतचा चटका साधारणतः ३,००० व्होल्टच्या आसपास गेल्यावर जाणवतो. त्याखालचा भार हातातून निघून गेला तरी आपल्याला कळत नाही. मात्र काही नाजूक चिप १०० व्होल्टच्या आतही बिघडू शकतात. म्हणजे आपल्याला काहीही न जाणवता त्यांच्या सहनशक्तीच्या कितीतरी पट दाब त्यांच्यावर पडू शकतो. मला चटका बसला नाही, म्हणजे काही झाले नाही, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

वाचकांना शंका येईल की, ३,००० व्होल्टने माणसाला काही होत नाही, मग चिपला का व्हावे? कारण येथे दाब जास्त असला तरी विजेचे प्रमाण अत्यंत कमी असते. उंच टाकीतून पाण्याचा एकच थेंब पडावा, तसा हा प्रकार आहे. तो थेंब आपल्या तळहाताला लागत नाही. पण चिपच्या आत वीज अडवणारा थर असतो, तो आपल्या केसाच्या जाडीचा हजारावा भागही जाड नसतो. सगळा भार सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळात एकाच ठिकाणी उतरला की, त्या थराला भोक पडते किंवा आतील बारीक तार वितळते. उत्पादक चिपच्या पायांजवळ काही संरक्षण ठेवतात, पण त्यालाही मर्यादा असते.

कोरड्या हवेत धोका जास्त

हवेत ओलावा असला की वस्तूंच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिशय पातळ थर बसतो व त्यातून भार हळूहळू वाहून जातो. हवा कोरडी झाली की ही वाट बंद होते. अमेरिकेच्या संरक्षण विभागाच्या हस्तपुस्तिकेतील पुढील आकडे जगभर वापरले जातात. यातील कोरडी हवा म्हणजे १० ते २० टक्के आर्द्रता व दमट हवा म्हणजे ६५ ते ९० टक्के आर्द्रता होय.

१) गालिच्यावर चालणे : कोरड्या हवेत ३५,००० व्होल्ट, दमट हवेत १,५०० व्होल्ट.
२) प्लॅस्टिकच्या म्हणजे व्हिनाइल फरशीवर चालणे : कोरड्या हवेत १२,००० व्होल्ट, दमट हवेत २५० व्होल्ट.
३) टेबलापाशी बसून काम करणे : कोरड्या हवेत ६,००० व्होल्ट, दमट हवेत १०० व्होल्ट.
४) टेबलावरील पॉलिथीनची साधी पिशवी उचलणे : कोरड्या हवेत २०,००० व्होल्ट, दमट हवेत १,२०० व्होल्ट.

हे आकडे कमाल पातळीची कल्पना देण्यासाठी आहेत. प्रत्येक वेळी एवढाच भार तयार होईल असे नाही. तरी त्यांतून दोन बोध घेता येतात. पहिला असा की, विदर्भ, मराठवाडा व मध्य महाराष्ट्रात फेब्रुवारीपासून मे अखेरपर्यंत दुपारची हवा फार कोरडी असते आणि नेमके याच काळात आपले काम अडते. मार्चअखेर सोसायटीत वसुली व हिशेबाची गर्दी असते, तर एप्रिल-मे मध्ये ठिबकचा नियंत्रक दोन दिवस बंद राहिला तर बाग ताणावर जाते. घाईने पेटी उघडण्याची वेळ आणि स्थिर विद्युतच्या जोराची वेळ अशी एकच येते. दुसरा बोध असा की, पावसाळ्यात किंवा कोकणासारख्या दमट भागात धोका कमी होतो, पण संपत नाही. दमट हवेतील १,२०० व्होल्टदेखील नाजूक चिपला पुष्कळ आहेत.

नुकसानीचे दोन प्रकार

पहिल्या प्रकारात भाग ताबडतोब निकामी होतो. संगणक सुरूच होत नाही किंवा नवी रॅम ओळखतच नाही. हे नुकसान निदान लगेच कळते व काही वेळा भाग बदलून मिळतो.

दुसरा प्रकार अधिक त्रासदायक आहे. चिप पूर्ण मरत नाही, नुसती जखमी होते. खोडकिडा लागलेले झाड वरून काही काळ हिरवे दिसते, तशी ती काही दिवस किंवा महिने चालते. नंतर संगणक मधूनच अडकू लागतो, आपोआप बंद होऊन सुरू होतो, नोंदी चुकतात आणि शेवटी ऐन कामाच्या वेळी बंद पडतो. तोपर्यंत कार्ड कधी व कोणी हाताळले होते हेही कोणाच्या लक्षात राहत नाही.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. गावाकडे यंत्रे बिघडण्याची इतरही अनेक कारणे आहेत. विजेचा कमी-जास्त दाब, पावसाळ्यातील विजा, धूळ, उंदीर, पाली व मुंग्या यांमुळेही मोठे नुकसान होते. कार्डावर काळा डाग दिसला, जळका वास आला तर बहुधा दोष वीजपुरवठ्याचा असतो. स्थिर विद्युतने झालेली जखम साध्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच ती झाल्यावर शोधण्यापेक्षा होऊ न देणेच शहाणपणाचे ठरते.

बचावाचे मूळ तत्त्व

दोन हौद तळाशी नळीने जोडले तर दोन्हींतील पाण्याची पातळी सारखी होते व मग पाणी वाहत नाही. विजेचेही तसेच आहे. आपले शरीर, संगणकाची लोखंडी पेटी आणि हातातील कार्ड हे तिन्ही एकमेकांना जोडलेले असतील तर त्यांची पातळी समान राहते व कार्डातून भार उडी मारून जात नाही. पुढील सर्व उपाय या एकाच तत्त्वावर आधारलेले आहेत.

ही जोडणी करण्याचे उत्तम साधन म्हणजे मनगटपट्टा, ज्याला बाजारात रिस्ट स्ट्रॅप म्हणतात. संगणकाच्या सुट्या भागांच्या दुकानात तो थोडक्या पैशांत मिळतो. त्याचा पट्टा मनगटावर घालायचा व वायरीच्या टोकाचा चिमटा पेटीच्या रंग नसलेल्या धातूला लावायचा. या वायरीत १० लाख ओहमचा, म्हणजे एक मेगाओहमचा रोध बसवलेला असतो. ठिबकची तोटी जसे पाणी एकदम सोडत नाही, तसा हा रोध भाराला बेताने वाट देतो. तरीही शरीरावरील भार सेकंदाच्या हजाराव्या भागात उतरतो. चुकून २३० व्होल्टच्या तारेला हात लागलाच तर त्या वायरीतून एक मिलीअँपिअरच्या चौथ्या हिश्श्याहून कमी प्रवाह जाऊ शकतो.

यावरून लक्षात येईल की, घरी साध्या तांब्याच्या तारेचा पट्टा करून तो अर्थिंगला किंवा सॉकेटच्या पिनेला जोडणे जिवावर बेतू शकते. असा प्रयोग कधीही करू नये. तसेच वायर नसलेले मनगटपट्टे बाजारात मिळतात, त्यांचा उपयोग होत नाही. ते घेऊ नयेत.

काम सुरू करण्यापूर्वी

१) संगणक रीतसर बंद करून प्लग सॉकेटमधून बाहेर काढावा. केवळ बटण बंद करण्यावर विसंबू नये. अनेक घरांत वायरिंग करताना बटण चुकीच्या तारेवर बसवलेले असते व बटण बंद असूनही वीज येत राहते. प्लग काढल्यावर संगणकाचे बटण एकदा दाबावे, म्हणजे आत उरलेली वीज संपते.

२) कामाची जागा निवडताना सतरंजी, घोंगडी, गालिचा, गादी व प्लॅस्टिकचा टेबलक्लॉथ टाळावा. शहाबादी किंवा सिमेंटच्या फरशीवर ठेवलेले मोकळे लाकडी टेबल चांगले. अँटिस्टॅटिक चटई मिळाल्यास उत्तम.

३) टेबलावरून थर्माकोल, पॉलिथीनच्या पिशव्या व प्लॅस्टिकचे डबे हातभर दूर ठेवावेत. या वस्तूंवरील भार त्यांना अर्थिंग देऊनही निघत नाही, कारण त्यांतून वीज वाहतच नाही. त्यांना दूर ठेवणे हाच उपाय आहे.

४) सुती कपडे घालावेत. नायलॉन, टेरिलिन व लोकरीचे कपडे टाळावेत. बाह्या दुमडाव्यात. भगिनींनी पदर खोचून घ्यावा व केस बांधावेत.

५) हवा फार कोरडी असल्यास काम सकाळी करावे. आधी ओल्या फडक्याने फरशी पुसून घ्यावी किंवा खोलीत ओले कापड टांगावे. पाण्याचा थेंब मात्र टेबलावर येता कामा नये.

६) शेतकामाने मनगटाची कातडी कोरडी व रखरखीत झालेली असते. तिच्यावर पट्ट्याचा स्पर्श नीट होत नाही. मनगट ओल्या फडक्याने पुसून, पट्टा उघड्या कातडीवर व घट्ट बांधावा. बाहीवरून बांधू नये.

७) वायर आतून तुटलेली असेल तर पट्टा केवळ शोभेचा राहतो. मोटार दुरुस्तीच्या दुकानातील मल्टीमीटरने पट्टा व चिमटा यांमधील रोध अधूनमधून तपासून घ्यावा. तो सुमारे १० लाख ओहम दिसला पाहिजे.

मनगटपट्टा नसेल तर

काम अडले असेल व पट्टा नसेल तर कार्डाला हात लावण्यापूर्वी पेटीच्या रंग नसलेल्या धातूला उघड्या हाताने स्पर्श करावा आणि काम चालू असताना एक मनगट पेटीला टेकवून ठेवावे. जागेवरून उठलात, पाय हलवले किंवा खुर्ची सरकवली तर पुन्हा स्पर्श करूनच पुढे जावे. हा उपाय पट्ट्याइतका खात्रीचा नाही, पण काहीच न करण्यापेक्षा पुष्कळ बरा आहे.

कार्ड व रॅम हाताळताना

१) नवा भाग बसवण्याची पूर्ण तयारी होईपर्यंत पिशवीतून काढू नये. दुकानात पाहण्यासाठी तो हातोहात फिरवू नये.

२) पिशवी फोडण्यापूर्वी ती एकदा पेटीच्या धातूला टेकवावी.

३) कार्ड नेहमी कडांनी धरावे. सोनेरी पट्ट्या, चिपचे पाय व मागील डाखाचे ठिपके यांना बोट लावू नये.

४) एकाच्या हातून दुसऱ्याने कार्ड घेण्यापूर्वी दोघांनीही पेटीला स्पर्श करावा.

५) रॅमच्या सोनेरी पट्ट्या पेन्सिलीच्या खोडरबराने घासण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आढळते. घासण्याने स्थिर विद्युत तयार होते, वर सोन्याचा पातळ मुलामाही झिजतो. त्याऐवजी मनगटपट्टा घालून, धागे न सुटणाऱ्या मऊ सुती कापडावर थोडे आयसोप्रोपाइल अल्कोहोल घेऊन हलक्या हाताने पुसावे व पूर्ण वाळल्यावरच बसवावे.

६) काढलेला भाग चांगला असो वा बिघडलेला, तो लगेच पिशवीत ठेवावा. दुरुस्त होऊ शकणारे कार्ड अनेकदा याच वेळी कायमचे जाते.

पिशवीचा रंग पाहून घ्या

चंदेरी, अर्धपारदर्शक पिशवीत धातूचा पातळ थर असतो. ती बाहेरून येणारा भार आतील कार्डापर्यंत पोहोचू देत नाही. गुलाबी पिशवी स्वतः घासल्याने भार तयार करत नाही, पण बाहेरचा भार अडवत नाही. म्हणून साठवण व वाहतुकीसाठी चंदेरी पिशवीच वापरावी. तिचे संरक्षण फक्त आतील वस्तूला मिळते. कार्ड पिशवीच्या वर ठेवल्याने ते मिळत नाही. भोक पडलेली किंवा फार चुरगळलेली पिशवी टाकून द्यावी आणि चांगल्या पिशव्या जपून ठेवाव्यात.

कार्ड तालुक्याला दुरुस्तीसाठी नेताना ते चंदेरी पिशवीत घालून पुठ्ठ्याच्या खोक्यात घट्ट बसवावे. नुसते पॉलिथीनच्या पिशवीत टाकून मोटारसायकलला अडकवले किंवा थर्माकोलच्या तुकड्यांत दडपले, तर वाटभर ते घासत राहते व दुकानात पोहोचेपर्यंत एका बिघाडाचे दोन बिघाड होतात.

धूळ साफ करताना

मळणी, कापूस वेचणी व खळ्याच्या दिवसांत संगणकात धूळ फार बसते. ती काढण्यासाठी घरगुती व्हॅक्यूम क्लीनरची प्लॅस्टिकची नळी कार्डाजवळ नेऊ नये. कोरडी धूळ नळीतून वेगाने जाताना भार तयार होतो. नायलॉनचा ब्रश व लोकरी फडकेही वापरू नये. अँटिस्टॅटिक ब्रश किंवा नैसर्गिक केसांचा मऊ ब्रश वापरावा. हवेचा झोत दिल्यास तो दुरून द्यावा व आतील पंखा बोटाने धरून ठेवावा.

ही उपकरणे स्वतः उघडू नयेत

मनगटपट्टा हा चिपच्या रक्षणासाठी आहे, विजेच्या धक्क्यापासून माणसाचे रक्षण करण्यासाठी नाही. चालू असलेल्या यंत्रावर काम करताना तो कधीही घालू नये. संगणकाचा एसएमपीएस, जुना काचेच्या नळीचा मॉनिटर, यूपीएस, इन्व्हर्टर आणि मोटारीचा वेग बदलणारा ड्राइव्ह यांच्या आतील कॅपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही जीवघेणा दाब काही काळ टिकतो. सौर पंपाच्या नियंत्रकाबाबत तर विशेष सावध राहावे, कारण ऊन आहे तोपर्यंत पॅनेलकडून वीज येतच राहते. ही उपकरणे प्रशिक्षित कारागिराकडेच द्यावीत. मात्र त्याने काढलेले कार्ड कसे ठेवतो, कशात गुंडाळतो, याकडे आपण जरूर लक्ष द्यावे व चंदेरी पिशवीचा आग्रह धरावा.

शेवटी

दूध संस्था व सोसायट्यांनी एक मनगटपट्टा, चार-पाच चंदेरी पिशव्या, एक मऊ ब्रश व छोटा मल्टीमीटर असा संच कपाटात ठेवावा. कार्ड कोणत्या तारखेला, कोणी व का काढले याची नोंद एका वहीत करावी. पुढे बिघाड झाला तर कारण शोधणे सोपे जाते. हिशेबाची प्रत वेगळ्या ठिकाणी काढून ठेवण्याची सवयही सोडू नये, कारण कार्ड विकत मिळते, सभासदांच्या नोंदी विकत मिळत नाहीत.

थोडक्यात, प्लग काढा, पट्टा बांधून चिमटा पेटीला लावा, कार्ड कडांनी धरा आणि काढलेला भाग लगेच चंदेरी पिशवीत ठेवा. याला पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. फवारणीच्या वेळी औषध डोळ्यांना दिसत नसले तरी आपण नाकाला रुमाल बांधतो, कारण न दिसणारा धोकाही धोकाच असतो. तीच शिस्त संगणकाची पेटी उघडताना पाळली, तर मार्चअखेरीस सोसायटीचे काम अडणार नाही आणि ऐन उन्हाळ्यात बागेचे पाणीही थांबणार नाही.